तूप सोडले, मटण सोडले. त्यांच्या जागी ताटात काय आले?

माणदेशी वाट

माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. रुग्णालयातून घरी येताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर पथ्याचा एक छापील कागद मिळाला आणि आईने तो स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तूप, लोणी, साय, अंड्याचा बलक, मटण, खोबरे आणि शेंगदाणे यांवर त्यात फुली होती. आईने तो कागद अक्षरशः पाळला. वरणभातावरची तुपाची धार थांबली, रविवारचे मटण थांबले, चार वाजताचे गूळ-शेंगदाणेही थांबले. त्या वेळी भूक तर लागतेच, म्हणून चहाबरोबर खारी आणि दोन टोस्ट सुरू झाले, कारण खारी-टोस्टवर कागदात फुली नव्हती. त्या काळी आमच्या गावातली खारी वनस्पती तुपात होत असे, हे सगळ्यांना माहीत होते आणि तरी कोणाच्या मनात शंका आली नाही. सहा वर्षांनी त्यांना दुसरा स्टेंट बसवावा लागला. तो खारीमुळे बसला असे मी म्हणत नाही. त्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि तंबाखूही सुटलेली नव्हती. पण त्या कागदाने काय काढायचे ते सांगितले आणि त्याच्या जागी काय घालायचे ते सांगितले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. चरबी, तांबडे मांस आणि हृदयविकार यांबद्दल गेली काही वर्षे मी जे वाचत आलो, ते या एका प्रश्नाभोवती फिरते, म्हणून या मंचावर हा धागा काढत आहे.

या वादाची सुरुवात बहुतेक जण ॲन्सेल कीज या अमेरिकी संशोधकापासून करतात. खरे तर १९१३ मध्येच रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत, म्हणजे धमन्यांत, थर साचतात हे दाखवले होते. कीज यांनी १९५३ मध्ये सहा देशांचा एक आलेख मांडला, ज्यात आहारातील चरबी आणि हृदयविकाराचे मृत्यू जवळजवळ एका रेषेत चढत गेलेले दिसत होते. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलेबो या संशोधकांनी दाखवून दिले की २२ देशांची आकडेवारी उपलब्ध होती आणि ती सगळी घेतली तर ती रेष बरीच विस्कटते. समाजमाध्यमांवर फिरणारी ‘कीज यांनी आकडे लपवले’ ही कथा येथून येते. ती सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. पहिली, २२ देश घेतल्यावर संबंध सैल झाला, नाहीसा झाला नाही. दुसरी, कीज यांचे गाजलेले ‘सात देशांचे अध्ययन’ हे त्या आलेखाहून वेगळे काम आहे. ते १९५८ मध्ये सुरू झाले आणि त्यात ४० ते ५९ वयाच्या १२,७६३ पुरुषांची प्रत्यक्ष तपासणी करून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला.

त्या अध्ययनातील सर्वांत बोलकी तुलना मला पूर्व फिनलंड आणि ग्रीसमधील क्रीट बेट यांची वाटते. दोन्ही ठिकाणचे लोक कष्टकरी होते आणि दोन्हीकडे आहारात चरबी भरपूर होती. क्रीटमध्ये तर सुमारे ४० टक्के उष्मांक चरबीतून येत. तरीही पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराचे मृत्यू सर्वाधिक होते आणि क्रीटमध्ये ते अत्यल्प होते. फिनलंडची चरबी लोण्या-दुधाची होती, क्रीटची ऑलिव्ह तेलाची. म्हणजे ‘चरबी कमी करा’ हा निष्कर्ष खुद्द कीज यांच्या आकड्यांतूनही सरळ निघत नव्हता. कोणती चरबी, हा प्रश्न तेव्हाच समोर उभा होता. पण १९७७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने आहाराची उद्दिष्टे जाहीर केली आणि १९८० मध्ये तेथील सरकारची पहिली आहारविषयक मार्गदर्शिका आली, तेव्हापासून लोकांच्या मनात ‘चरबी म्हणजे वाईट’ एवढेच उरले आणि बाजारात चरबी काढून साखर व मैदा घातलेल्या पदार्थांची रांग लागली. आमच्या कपाटाच्या दारावरचा कागद त्याच रांगेतून आला होता.

आता लोण्या-तुपाच्या चरबीला दोष देऊ नये म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूकडून जे दोन प्रयोग नेहमी पुढे केले जातात, त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांतला एक आपल्या करडईशी जोडलेला आहे. पहिला मिनेसोटाचा. १९६८ ते १९७३ या काळात तेथील मनोरुग्णालये आणि एक वृद्धाश्रम येथील ९,४२३ जणांवर तो झाला. निम्म्यांच्या आहारात लोणी आणि प्राण्यांची चरबी कमी करून मक्याचे तेल आणि त्या तेलाचे मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेले लोण्यासारखे घट्ट स्निग्ध, देण्यात आले. त्यांचे कोलेस्टेरॉल खरोखरच उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. या प्रयोगाची बरीचशी आकडेवारी कित्येक वर्षे अप्रकाशित राहिली. प्रमुख संशोधकाच्या निधनानंतर त्यांच्या घराच्या तळघरातील खोक्यांत ती मुलाला सापडली आणि तिचे नवे विश्लेषण २०१६ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. नको असलेला निकाल इतकी वर्षे खोक्यात पडून राहतो, याचे मला आजही वाईट वाटते. त्याचबरोबर हेही नोंदवले पाहिजे की त्या संस्थांमधून माणसे सतत येत-जात होती आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ तो आहार घेतलेले लोक सुमारे २,४०० च होते. रोहिण्यांतला थर साचायला दशके लागतात. इतक्या थोड्या काळात तो कमी होऊन मृत्यू टळतील ही अपेक्षाच फार होती.

दुसरा प्रयोग सिडनीचा. १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर तो झाला आणि त्यांतील एका गटाला संपृक्त चरबीच्या (लोणी, तूप यांच्यासारख्या घट्ट होणाऱ्या चरबीच्या) जागी करडईचे तेल आणि करडईचे मार्गारीन देण्यात आले. २०१३ मध्ये जुनी आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा करडईच्या गटात १७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के मृत्यू झाल्याचे दिसले. सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाला हे वाचून धक्का बसेल, मलाही बसला. माझ्या आजोळी ज्वारीच्या पिकाच्या कडेला करडईचे पट्टे असत आणि तेल घाण्यावरून येई. पण सिडनीत करडईचे मार्गारीन दिले गेले होते आणि त्या काळचे मार्गारीन करताना ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना बनणारी हृदयाला घातक चरबी, तयार होत असे. शिवाय उष्मांकांपैकी जवळपास १५ टक्के केवळ करडईच्या तेलात मुख्यतः असणाऱ्या बहुअसंपृक्त स्निग्धाम्लांतून येत होते. भाकरीबरोबरच्या चटणीवर घातलेले चमचाभर घाण्याचे तेल आणि तो आहार यांना एका मापाने मोजता येणार नाही.

मग २०१० मध्ये २१ अध्ययनांतील सुमारे ३,४८,००० लोकांचे एकत्रित विश्लेषण आले आणि त्याने सांगितले की संपृक्त चरबी आणि हृदयविकार यांचा ठोस संबंध दिसत नाही. त्यानंतर ‘लोणी निर्दोष ठरले’ अशी हवा पसरली. उलट कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात दोन वर्षांहून अधिक चाललेल्या प्रयोगांवरून असे दिसले की संपृक्त चरबी कमी केल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, मात्र एकूण मृत्यूंत स्पष्ट फरक पडत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात? पहिल्या प्रकारच्या, म्हणजे लोक काय खातात याची केवळ नोंद घेणाऱ्या अध्ययनांत कमी लोणी खाणारा माणूस त्याऐवजी काय खातो हे बहुधा विचारलेलेच नसते, आणि तेथील बहुतेक लोक त्याऐवजी पाव, बिस्किटे, साखर खात. लोण्याची आणि मैद्याची तुलना केली तर दोघे सारखेच निघतात. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातील पुरुषांच्या दोन मोठ्या गटांत हाच प्रश्न नीट विचारला. पाच टक्के उष्मांक संपृक्त चरबीतून काढून बहुअसंपृक्त (करडई, सूर्यफूल यांसारख्या पातळ राहणाऱ्या) तेलांकडे वळवलेल्यांत धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला, अखंड धान्याकडे वळवलेल्यांत सुमारे ९ टक्के, आणि मैदा-साखरेकडे वळवलेल्यांत काहीच फरक दिसला नाही.

मटणाबद्दल लिहिताना आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पाश्चात्त्य संशोधनात ‘तांबडे मांस’ म्हणजे मुख्यतः गाय आणि डुक्कर. आपल्याकडे मटण म्हणजे प्रायः बोकड, आणि बोकडाच्या मांसात मुळात चरबी कमी असते. २०१० मध्ये मिखा या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० अध्ययने एकत्र करून दाखवले की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, सलामी वगैरे, खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका ४२ टक्क्यांनी अधिक होता, तर प्रक्रिया न केलेल्या तांबड्या मांसाबाबत तसा संबंध दिसला नाही. २०२० मधील एका मोठ्या विश्लेषणात ताज्या तांबड्या मांसाचाही संबंध दिसला, पण तो बारीक होता; आठवड्याला दोन वेळा खाणाऱ्यांत धोका सुमारे ३ टक्क्यांनी अधिक. २०१९ मध्ये संशोधकांच्या एका गटाने ‘लोकांनी मांस खाण्याची सवय बदलण्याची गरज नाही’ अशी शिफारस केली आणि मोठे वादळ उठले. तो वाद मांसापेक्षा अधिक या गोष्टीवर होता की निरीक्षणांवर आधारलेल्या पुराव्याला किती वजन द्यायचे. मला स्वतःला महिन्यातून दोन-तीनदा घरी शिजवलेल्या मटणाची भीती वाटत नाही. त्या दिवशी ताटात दुसरे काय असते, याची वाटते.

आपल्या घरी पथ्य सुरू झाल्यावर काय सुटले आणि त्याच्या जागी काय आले, हे आपण सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे.

पंचगंगाकाठ

लेख मनापासून आवडला, तरी माझे मत वेगळे आहे आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा, घट्ट दूध आणि तालमीतल्या मुलांना तूप हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माझे आजोबा ८९ वर्षे जगले आणि शेवटपर्यंत त्यांच्या ताटात तूप होते. त्यांच्या ताटात पॅकबंद काही नव्हते. आपण साखरेबद्दल फार थोडे लिहिले आहे. जॉन युडकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच साखरेविरुद्ध पुस्तक लिहिले होते आणि त्याची हेटाळणी झाली. १९६७ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात चरबीला दोषी धरणारा आणि साखरेकडे दुर्लक्ष करणारा आढावा आला. त्यासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना ६,५०० डॉलर दिले होते, हे २०१६ मध्ये कागदपत्रांवरून उघड झाले. ज्या शास्त्राचा पाया असा घातला गेला, त्याच्यावर सामान्य माणसाने का विश्वास ठेवावा?

आणि आपल्याच देशातील पुरावा आपण का गाळला? डॉ. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंजाबकडील कर्मचारी दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक चरबी खात आणि ती मुख्यतः दूध-तुपाची होती. दक्षिणेकडचे लोक बियांची तेले थोड्या प्रमाणात वापरत. तरीही हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेत सुमारे सातपट अधिक होते. हा अभ्यास फिनलंडच्या गोष्टीपेक्षा आपल्याला जवळचा आहे.

माणदेशी वाट

पंचगंगाकाठ, रेल्वेचा अभ्यास मी गाळला ही माझी चूक झाली. तो महत्त्वाचा आहे आणि त्याचा उल्लेख केल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. एकच शंका मांडतो. पंजाबी आणि मद्रासी कर्मचाऱ्यांत चरबीखेरीजही पुष्कळ फरक होते: गहू आणि भात, ताक-दह्याचे प्रमाण, शरीरश्रम, जेवणाच्या वेळा. देशादेशांची तुलना करून कीज यांनी निष्कर्ष काढला तेव्हा आपण ज्या कारणासाठी त्यांना दोष देतो, तेच कारण प्रांताप्रांतांच्या तुलनेलाही लागू होते. आजही पंजाबी माणूस हृदयविकारापासून सुरक्षित आहे असे कोणी म्हणणार नाही. तूप तेच राहिले, नांगर गेला आणि ट्रॅक्टर आला.

साखर उद्योगाने पैसे दिले ही गोष्ट लाजिरवाणी आहे आणि साखरेबद्दल मी कमी लिहिले हेही मान्य. पण एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात त्या कोलेस्टेरॉलने रोहिण्या खराब होतात, हे ज्ञान त्या एका आढाव्यावर उभे नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले ते एलडीएल-ग्राहकांच्या, म्हणजे रक्तातील एलडीएल पेशीत ओढून घेणाऱ्या रेणूंच्या शोधासाठी. ज्या मुलांत हे ग्राहक जन्मतःच नसतात, त्यांना शाळेच्या वयात झटका येऊ शकतो. त्या मुलांनी ना तंबाखू खाल्लेली असते, ना आयुष्यभर साखर. उलट पीसीएसके९ नावाच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या लोकांचे एलडीएल जन्मापासून कमी असते आणि त्यांच्यात हृदयविकार फार कमी आढळतो, हे २००६ मध्ये दिसून आले. अनिच्कोव यांच्या सशांपासून आजच्या जनुकशास्त्रापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी आलेले लोक एकाच ठिकाणी पोहोचले आहेत, म्हणून मला ते ठिकाण भक्कम वाटते. संपृक्त चरबी यकृतातील त्या ग्राहकांचे काम मंदावते आणि रक्तातील एलडीएल वाढवते, एवढा तिचा या साखळीशी संबंध आहे.

ओपीडी सकाळची

मी एका तालुक्याच्या गावी गेली २२ वर्षे फिजिशियन म्हणून काम करते. चर्चा अभ्यासपूर्ण आहे. फक्त माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसाच्या बाजूने काही गोष्टी लिहिते.

इंटरहार्ट या ५२ देशांतील अध्ययनात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ वर्षे निघाले, इतर देशांत ते सुमारे ५९ होते. घरात कमावणारा तो एकटाच असतो आणि मुले अजून शिकत असतात, असे ते वय आहे. या लोकांच्या अहवालात एलडीएल अनेकदा फार भयंकर दिसत नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) वाढलेले, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) खाली गेलेले, कमरेचा घेर वाढलेला आणि साखर सीमारेषेवर असते. हे चित्र तुपापेक्षा भात, साबुदाणा, साखरेचा चहा, मैदा आणि बैठ्या दिवसाने अधिक तयार होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्युअर या अनेक देशांतील अध्ययनात, ज्यात भारतही होता, पिष्टमय पदार्थांतून सर्वाधिक उष्मांक घेणाऱ्यांत मृत्यू अधिक दिसले. निरीक्षणावरचा अभ्यास असल्याने त्याच्याही मर्यादा आहेत, पण माझ्या रुग्णांच्या ताटाशी त्याचे वर्णन जुळते.

तरीही ‘तूप निर्दोष आहे’ हे ऐकून जेव्हा स्टेंट बसवलेला माणूस स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करतो, तेव्हा मला फार काळजी वाटते. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन प्रयोगात सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनने एकूण मृत्यूच सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले होते. आहाराच्या प्रयोगांतून इतका स्पष्ट निकाल क्वचितच मिळतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अतिजोखमीच्या रुग्णाचे एलडीएल ५५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली हवे. केवळ आहार बदलून तेथे पोहोचणे बहुतेकांना शक्य नसते. त्याच मार्गदर्शनात प्रत्येकाने आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातील एलडीएलसारखाच एक घटक) तपासावे असेही म्हटले आहे. ते आनुवंशिक असते, त्यावर तुपाचा किंवा पथ्याचा विशेष परिणाम होत नाही, आणि घरात कमी वयात झटके आले असतील तर ते अवश्य तपासून घ्यावे.

पंचगंगाकाठ, आपल्या आजोबांबद्दल वाचून आनंद झाला. माझ्याकडे मात्र ८९ वर्षे जगलेल्या आजोबांची नातवंडे येतात. ज्यांचे आजोबा ५० व्या वर्षी गेले त्यांच्या ताटाची आठवण सांगायला घरात सहसा कोणी उरलेले नसते.

खाडीपलीकडे

आम्हा कोकणातल्या माणसांचा प्रश्न तूप-मटणापेक्षा खोबऱ्याचा आहे. आमच्याकडे माशाच्या कालवणात ओल्या नारळाचे वाटण असते आणि काही घरांत फोडणीही खोबरेल तेलाची. पथ्याच्या कागदावर नारळाला फुली असते, आणि दुसरीकडे खोबरेल तेल अमृत असल्याचे सांगणारेही भेटतात. डॉक्टरताई, आम्ही काय समजावे?

ओपीडी सकाळची

खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून अधिक संपृक्त चरबी असते, तुपापेक्षाही जास्त. २०२० मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने एलडीएल सुमारे १० अंकांनी वाढलेले दिसले, एचडीएलही थोडे वाढले. कोचीमध्ये २०० हृदयरुग्णांना दोन वर्षे खोबरेल किंवा सूर्यफूल तेलात शिजवलेले अन्न देऊन तुलना केली गेली आणि फारसा फरक दिसला नाही; पण त्या रुग्णांची औषधे चालू होती आणि झटक्यांतील फरक दिसण्यासाठी २०० ही संख्या लहान आहे. म्हणून रोजचे सगळे तेल खोबरेल नको, असे मी सांगते. वाटणातला ओला नारळ मात्र वेगळा. त्यात चोथा असतो, पाणी असते, आणि तो बांगड्याबरोबर ताटात येतो. बांगडा आणि तारली यांच्यात ओमेगा-३ ही हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी भरपूर असते. आपल्या कालवणावर फुली मारून त्याऐवजी बटाट्याची भाजी आणि पाव दिला, तर मी आपले नुकसानच करीन.

दूरदेशी

मी गेली ११ वर्षे अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. येथे ऑफिसातील मित्रांच्या आग्रहाने मी कीटो, म्हणजे पिष्ट जवळजवळ बंद आणि चरबी भरपूर असा आहार सुरू केला. सकाळी अंडी आणि बेकन, दुपारी गोमांस, कॉफीत लोणी. पाच महिन्यांत ११ किलो वजन उतरले, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ वरून ५.५ वर आले, ट्रायग्लिसराइड निम्मे झाले आणि मला वाटले की आजवर सर्वांनी मला खोटे सांगितले. मग एलडीएल आले २३८, जे पूर्वी १२६ होते. ज्या गटात मी माहिती घेत असे तेथे मला सांगण्यात आले की बाकी आकडे चांगले असतील तर या आकड्याकडे लक्ष देऊ नये. माझ्या मोठ्या काकांना ४९ व्या वर्षी झटका आला होता, म्हणून मला लक्ष न देणे जमले नाही.

भात-पोळी मी पूर्वीसारखी वाढवली नाही. लोण्याच्या जागी ऑलिव्ह तेल आणले, बेकन बंद केले, गोमांस आठवड्यातून एकदा ठेवले, आणि आईच्या पद्धतीची मटकीची उसळ, मसूर, अक्रोड, मासे सुरू केले. तीन महिन्यांत एलडीएल १३१ झाले आणि वजन वाढले नाही. चरबीचे एकूण प्रमाण जवळजवळ तेवढेच राहिले होते. माणदेशी वाट, आपल्या लेखातील क्रीट आणि फिनलंडची तुलना वाचताना मला स्वतःच्याच दोन अहवालांची आठवण झाली.

मटणाविषयी एक भर घालतो. कॅलिफोर्नियातील क्राउस आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात लोकांना आळीपाळीने तांबडे मांस, कोंबडी आणि डाळी-कडधान्यांसारखी वनस्पतीज प्रथिने देण्यात आली. तांबडे मांस आणि कोंबडी यांनी एलडीएल सारखेच वाढवले. वनस्पतीज प्रथिनांवर ते कमी राहिले. मटण सोडून रोज चिकन खाऊ लागलेल्या आपल्या अनेक मित्रांना हे ठाऊक नसावे.

अंगणातली तुळस

चर्चेत ताटाबद्दल सर्वांनी लिहिले, पण ते ताट वाढणाऱ्या बाईबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. सासऱ्यांना झटका आला तेव्हा माझ्या हातीही असाच कागद आला होता. घरात एक पथ्याचा स्वयंपाक आणि एक बाकीच्यांचा, असे दोन स्वयंपाक मी चार वर्षे केले. पथ्याचे जेवण बेचव म्हणून सासरे अर्धपोटी उठत आणि मग संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून फरसाण आणत. एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्यांदा ‘काय करू नका’ याऐवजी ‘काय करा’ ते सांगितले. तेलाचा महिन्याचा डबा ठरवून आणायचा आणि तो तारखेआधी संपू द्यायचा नाही. तळणाचे तेल पुन्हा फोडणीला घ्यायचे नाही. मटण करायचे असेल तर चरबीचे तुकडे खाटकाकडेच काढून घ्यायचे, रस्सा थंड करून वर जमलेला थर चमच्याने उतरवायचा, आणि त्या दिवशी भात अर्धा व कोशिंबीर दुप्पट. तुपाची धार नको, पण गरम भातावर अर्धा चमचा तूप चालेल, असेही त्यांनी सांगितले. त्या अर्ध्या चमच्याने सासरे पोटभर जेवू लागले आणि फरसाण आपोआप कमी झाले. आता घरात एकच स्वयंपाक होतो.

माणदेशी वाट

सर्वांचे मनापासून आभार. अंगणातली तुळस, आपला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मला कोणी असं सांगितलंच नाही.”

आज सकाळी मी मुद्दाम आमच्या गावातील बेकरीत गेलो आणि खारीत आता काय वापरता, असे विचारले. मालकांनी संकोच न करता खारीत जे वापरतात त्याचे खोके उघडून दाखवले. लेबलवर ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा कमी लिहिलेले होते. १ जानेवारी २०२२ पासून देशभर ती मर्यादा लागू आहे आणि ज्या वनस्पती तुपाने मी सुरुवात केली, त्या बाबतीत हा मोठा आणि खरा बदल आहे. घटकांच्या यादीत पहिले नाव मात्र पाम तेलाचे होते, ज्यात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, आणि त्याच्याभोवती सगळा मैदा. म्हणजे माझ्या वडिलांनी तूप सोडले तेव्हाही संपृक्त चरबी त्यांच्या बशीत येतच होती, फक्त तिला वास नव्हता.

वडील आता ७४ वर्षांचे आहेत. स्टॅटिन चालू आहे, तंबाखू सुटली आहे, शेवटचे एलडीएल ६२ आले होते. डॉक्टरताईंनी लिहिलेल्या ५५ पेक्षा ते अजून जास्त आहे, म्हणून पुढच्या भेटीत औषधाच्या मात्रेबद्दल विचारणार आहोत आणि लायपोप्रोटीन-ए माझे व धाकट्या भावाचेही तपासून घेणार आहोत. कपाटाच्या दारावरचा कागद आईने आज दुपारी काढला. चार वाजता बशीत मूठभर भाजलेले शेंगदाणे होते, गुळाचा खडा मात्र तिने दिला नाही.